दहावीला बहात्तर टक्के, सहा कागद आणि एक पावसाळा

जनता वसाहतीतली मुलगी दहावी पास होते. तिला डिप्लोमा करायचा असतो. निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत अडीच-तीन महिने मिळतात आणि वर्ष हाती लागते की जाते, हे तेवढ्यातच ठरते. गुण पुरेसे असतात. वर्ष जाते ते कागद चुकीच्या क्रमाने निघाल्यामुळे आणि जून ते ऑगस्टमध्ये घरात रोख पैसा नसल्यामुळे. पुढे मांडलेले घर एकच असले, तरी पुण्याच्या वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग त्यात एकत्र आणले आहेत. घरखर्चाच्या रकमा अंदाजे आहेत. प्रवेशाचे टप्पे २०२५-२६ या वर्षाचे धरले आहेत.

घर पर्वतीच्या उतारावर, दहा बाय बाराचे. आई कचरावेचक. २००८पासून पुणे महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची ती सभासद आहे. सकाळी सातला बाहेर पडते, दारोदार कचरा गोळा करते, वर्गीकरण करून भंगार विकते आणि दोनच्या सुमारास घरी येते. वडील इमारतींचे रंगकाम करतात. पावसाळ्यात बाहेरचे रंगकाम बंद असते, म्हणजे प्रवेशाचे पैसे भरायचे त्याच महिन्यांत घरातली निम्मी कमाई थांबलेली असते. आजोबा १९७२च्या दुष्काळात औसा तालुक्यातून पुण्याला आले आणि इथलेच झाले. जात मातंग. मुलगी सातवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत आणि पुढे मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत शिकली. दहावीला ७२.४० टक्के. धाकटा भाऊ आता महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे.

निकालानंतर तीन वाटा दिसत होत्या. अकरावी विज्ञान घेतले तर दोन वर्षे क्लासचा खर्च आणि शेवटी सीईटीची अनिश्चितता. औंधच्या शासकीय आयटीआयमधला दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड सर्वांत स्वस्त आणि लवकर कमाई देणारा. तिसरी वाट तीन वर्षांच्या डिप्लोमाची. घरात आयटीआयकडे थोडे कमीपणाने पाहिले जाते, ते चूक आहे. आयटीआय झालेल्या मुलांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. या दोन जिन्यांमुळे आयटीआय हा रस्त्याचा शेवट ठरत नाही. या मुलीला गणितात ६८ आणि विज्ञानात ७५ गुण होते, हाताने काम करायची आवड होती आणि घर तीन वर्षे कळ काढू शकत होते. म्हणून डिप्लोमा पहिला ठरला आणि आयटीआयचा फॉर्मही त्याच आठवड्यात भरून ठेवला. दोन प्रक्रिया समांतर चालवल्या तर काही बिघडत नाही. एकीवर विसंबून दुसरीची तारीख जाऊ दिली, तर मात्र सप्टेंबरमध्ये हात रिकामे राहतात.

आता कागद.

लागणारे सहा: शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे गुणपत्रक, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले स्वतःचे बँक खाते. बँक खात्याला लोक कागद मानत नाहीत, पण शिष्यवृत्तीचे सर्वाधिक पैसे तिथेच अडकतात. सातवा कागद म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्र. त्याची घाई पहिल्या दिवशी नसते, पण त्याच्या अर्जाला उशीर केला तर तीन वर्षांनी किंमत मोजावी लागते.

निकाल २०२५मध्ये १३ मे रोजी लागला. आधीच्या वर्षी तो २७ मे रोजी होता. निकाल लवकर लागणे सुखाचे वाटते, पण ज्या घराने दाखल्यांचे काम ‘निकालानंतर बघू’ म्हणून ठेवलेले असते त्याचे पंधरा दिवस यात बुडतात. तंत्रशिक्षणाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया निकालापाठोपाठ सुरू होते. कागद तपासून पक्का झालेला अर्जच गुणवत्ता यादीत जातो. जात प्रमाणपत्र नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि तसा धरला गेला, हे घरच्यांना अनेकदा यादी लागल्यावरच कळते.

इथे पहिली गाठ शाळेच्या दाखल्यावर बसली. जातीच्या रकान्यात फक्त ‘हिंदू’ लिहिलेले. पहिलीत नाव घालताना फॉर्म शेजारणीने भरला होता आणि पुढच्या दहा वर्षांत ती नोंद कोणी पाहिली नाही. नियमांचा उपयोग इथे वेळेवर अवलंबून असतो. विद्यार्थी शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापक वडिलांच्या दाखल्याच्या आधारे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवू शकतात. एकदा मूल शाळा सोडून गेले की शाळेच्या नोंदवहीतली तीच दुरुस्ती फार अवघड होते आणि फेऱ्या वाढतात. म्हणून नोंदवहीचा उतारा नववीत मागावा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख या गोष्टी आधार कार्डाशी आणि जन्मठिकाण, जात घरातल्या इतर कागदांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात. काम अर्ध्या तासाचे आहे आणि शाळेतले लिपिक त्याला नाही म्हणत नाहीत. अडते ते एवढ्यावरच की कोणी विचारायला जात नाही. या प्रकरणात मुलीने दाखला अजून उचलला नव्हता, म्हणून प्रस्ताव शाळेतूनच गेला. दाखला आधी हातात घेतला असता तर जून त्यातच गेला असता.

दुसरी गाठ जात प्रमाणपत्राची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला कुटुंब आजच्या महाराष्ट्रात कोणत्या जिल्ह्यात होते, याचा पुरावा शोधावा लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मराठवाड्यातून आलेली घरे खूप आणि सगळ्यांची चूक एकच. जन्म पुण्याचा, रेशन कार्ड पुण्याचे, म्हणून अर्ज पुण्याच्या प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात टाकायचा. अर्ज जातो, महिनाभराने त्रुटी निघते की मूळ जिल्ह्याचा पुरावा जोडलेला नाही. वडिलांकडे मूळ जिल्ह्याचे जात प्रमाणपत्र आधीपासून असेल तर स्थलांतरित म्हणून इथे मार्ग सोपा होतो. या घरात तेही नव्हते. आजोबा शाळेत गेले नव्हते आणि वडिलांची शाळा पुण्यातली.

त्यामुळे औशाला जाणे आले. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून निम्मे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून पूर्ण मोफत. म्हणून वडिलांऐवजी आई आणि आजोबा गेले. हा हिशेब क्षुल्लक वाटेल, पण दोन फेऱ्यांत काही दिवसांचा किराणा वाचला. आजोबा बरोबर असण्याचा खरा फायदा वेगळाच झाला. गावातल्या शाळेत कोणाचे नाव शोधायचे ते त्यांनाच ठाऊक होते. त्यांचा थोरला भाऊ पहिली-दुसरी शिकला होता. त्याचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा १९४९चा निघाला, जात ‘मांग’, गाव तेच. अनुसूचित जातींच्या यादीत मांग आणि मातंग एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे नावाच्या फरकाची भीती बाळगायचे कारण नाही. जिल्हा मात्र ‘उस्मानाबाद’ लिहिलेला. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला, हे अर्जासोबतच्या निवेदनात एका ओळीत लिहून टाकले की त्रुटी लागण्याची शक्यता कमी होते. निजामकाळातल्या नोंदी काही ठिकाणी उर्दूत किंवा मोडीत असतात, तेव्हा भाषांतर जोडावे लागते. शाळेची नोंद मिळाली नाही तर तहसीलमधून जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मागायची. उताऱ्याला वंशावळ जोडायची. त्यात आजोबांचे वडील, दोन्ही भाऊ, मुलीचे वडील आणि मुलगी अशी साखळी सलग दिसली पाहिजे. मधले एक नाव सुटले की अर्ज परत येतो.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा, असे अजून काही ठिकाणी दलाल सांगतात. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठीचे ते मुद्रांक शुल्क शासनाने २०२५मध्ये माफ केले आहे. साध्या कागदावर चालते.

जात प्रमाणपत्रासाठी ४५ दिवस धरून चालावे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी १५. यावरूनच क्रम ठरतो. जातीचा अर्ज नववीच्या सुट्टीत, अधिवास दहावीच्या दिवाळीत आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावर, कारण तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो आणि मार्चमध्ये काढलेला जुना ठरतो. या घरात मात्र सगळे मेमध्ये सुरू झाले. औशाच्या दोन फेऱ्या, प्रांत कार्यालयाची वाट, आणि प्रमाणपत्र हातात आले ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. अर्जाची पावती प्रवेशासाठी चालते की मूळ प्रमाणपत्रच लागते, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका मोबाइलवर उतरवून ‘आवश्यक कागदपत्रे’ हे पान एकदा तरी स्वतः वाचावे. सायबर कॅफेवाल्याच्या तोंडी माहितीवर या बाबतीत राहू नये, त्याच्याकडे गेल्या वर्षीचे नियम असतात.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक तक्रार इथे नोंदवायलाच हवी. दलाल सवयीने वर्षाला २१ हजार किंवा ३० हजार असे काहीतरी लिहून टाकतात. पुण्यात चौघांचे घर त्यात चालत नाही, हे कोणालाही कळते. मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या, शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. आईचे दरमहा नऊ-दहा हजार आणि वडिलांचे आठ महिन्यांचे काम धरले तरी हे घर पावणेदोन लाखांच्या आसपास बसते. खरे लिहिले तरी लाभ मिळतोच, मग खोटा आकडा कशाला? उद्या शैक्षणिक कर्ज घ्यायची वेळ आली की हाच आकडा आडवा येतो.

प्रवेशाच्या फेऱ्यांत झालेली चूक कागदांची नव्हती. पसंतीक्रमात मुलीने पाचच पर्याय भरले, पाचही संगणक अभियांत्रिकी आणि पाचही नावाजलेली तंत्रनिकेतने. वर्गातल्या मैत्रिणींनी तेच भरले होते. पहिल्या फेरीत काहीच मिळाले नाही. ‘नंबर लागला नाही’ म्हणून घरात रडारड झाली आणि त्याच संध्याकाळी एका एजंटाचा फोन आला: खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातली जागा आहे, शिष्यवृत्ती नंतर करून देऊ, आत्ता फक्त तीस हजार भरा. असे फोन पहिल्या फेरीनंतरच येतात, कारण घर तेव्हाच सर्वांत घाबरलेले असते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. तीस हजार भरून झाल्यावर हे कळले असते तर पुढच्या अडीच वर्षांची फी घराच्या माथी आली असती आणि मुलगी बहुधा दुसऱ्या वर्षी घरी बसली असती.

दुसऱ्या फेरीआधी यादी नव्याने लिहिली, एकवीस पर्याय. वर तिला खरेच हवे ते, मग मधले, शेवटी नक्की मिळेल असे. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहताना आपल्या प्रवर्गाचा आणि मुलींच्या ३० टक्के आरक्षणाचा रकाना पाहायचा असतो, बहुतेक जण खुल्या प्रवर्गाचा आकडा बघून नाव खोडून टाकतात. यादीचा क्रम लावताना ‘मिळण्याची शक्यता’ वर आणायची नसते. यंत्रणा वरून खाली तपासते, त्यामुळे अवघड पर्याय वर ठेवल्याने खालचा हातचा जात नाही. उलट पहिल्या क्रमांकावर नको असलेले कॉलेज लिहिले आणि तेच मिळाले, तर जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीची वाट बंद होते. संगणकाबरोबर विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखा घातल्या. चाकण, भोसरी, पिंपरी या पट्ट्यातल्या कारखान्यांना विद्युत देखभालीची माणसे सतत लागतात, हे वडिलांना समजावून सांगावे लागले नाही. रंगकामासाठी ते त्याच शेडमधून फिरलेले होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता: पोरीला रात्रपाळीला बोलावले तर? त्यावर उपदेश करून उपयोग नव्हता. वस्तीतलीच दोन वर्षांपूर्वी डिप्लोमा झालेली एक मुलगी पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात दिवसपाळीला जाते. तिला घरी चहाला बोलावले, तेव्हा तो विषय मिटला. दुसऱ्या फेरीत एका अनुदानित तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी मिळाली.

पैशांचा हिशेब मांडला तेव्हा खरी अडचण दिसली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शिकवणी शुल्क घ्यायचे नसते, त्यामुळे घरचे ‘फी माफ’ एवढेच ऐकून निर्धास्त असतात. शिवाय मुलींना शिक्षण मोफत झाल्याचे टीव्हीवर ऐकलेले. ती सवलत २०२४-२५पासून इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या मुलींसाठी आली. अनुसूचित जातीच्या मुलींची योजना वेगळी आणि आधीपासूनची आहे. दोन्हींत ‘मोफत’ म्हणजे सगळा खर्च नव्हे. बाकीचे असे झाले: प्रवेश नोंदणी, जागा स्वीकृती आणि संस्थेचे किरकोळ शुल्क मिळून ४,२००. मिनी ड्राफ्टर, शीट, शीट होल्डर आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर २,३००. वर्कशॉपचा एप्रन, बूट, जर्नल, मॅन्युअल १,९००. गणवेश १,६००. बसचा दोन महिन्यांचा खर्च १,५००. औसा, झेरॉक्स, सायबर २,५००. एकूण १४ हजार, आणि त्यातले जवळजवळ सगळे सहा आठवड्यांत.

मदत किती आणि कधी? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत घरून ये-जा करणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता वर्षाला २,५०० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ४,०००. पुण्यात २,५०० रुपयांत वर्ष कसे काढायचे, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांनी एकदा बसच्या रांगेत उभे राहून सोडवावा. स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६० हजार आहेत, पण ती बाहेरगावाहून आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी आहे. पुण्यातच घर असलेल्या मुलीला ती मिळत नाही. दरवर्षी कितीतरी स्थानिक मुले हा अर्ज भरून नाकारली जातात आणि तोपर्यंत दुसरे काही करायची वेळ निघून जाते. या मुलीला लागू होती ती पुणे महापालिकेची दहावीनंतरची मौलाना अबुल कलाम आझाद शैक्षणिक अर्थसाहाय्य योजना, १५ हजार रुपये. खुल्या गटाला ८० टक्क्यांची अट आहे, मागासवर्गीय आणि महापालिका शाळांतल्या मुलांना ७०. तिचे ७२.४० इथे कामी आले. महापालिका हद्दीत तीन वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कर पावती किंवा वीजबिल वडिलांच्या नावे नसेल, आणि झोपडपट्टीत ते बहुधा आजोबांच्याच नावे असते, तर नाते सिद्ध करणारे रेशन कार्ड सोबत लावायचे.

पण हे १५ हजार जूनमध्ये येत नाहीत. ते वर्षाच्या शेवटाकडे येतात. म्हणून यांच्याकडे खर्चाचे पैसे म्हणून न पाहता कर्जफेडीचे पैसे म्हणून पाहायचे, असे ठरले. आईच्या कचरावेचक संघटनेच्या पतसंस्थेतून १४ हजारांचे कर्ज घेतले, दरमहा लहान हप्ता आणि महापालिकेचे पैसे आले की उरलेले एकरकमी. वस्तीत दारावर येणाऱ्या मायक्रोफायनान्सचा व्याजदर आणि आठवडी हप्ता पाहता तीच रक्कम तिथून उचलली असती, तर पहिला ताण आला की मुलीला कामाला लावायची भाषा सुरू झाली असती.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर कॉलेज सुरू झाल्यावर भरायचा. नोंदणी आधारच्या ओटीपीने होते आणि ओटीपी जातो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. इथे तो वडिलांचा तीन वर्षांपूर्वी बंद पडलेला नंबर निघाला. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करायची असते, तीही राहिलेली. आधार केंद्रावर दोन्ही एकाच फेरीत झाले. मग बँक. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले, असा समज आहे. सरकारी पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात. सिम कार्ड घेताना दुकानदाराने नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन बसलेली अनेक मुले आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे कोणते खाते जोडलेले आहे याची, स्थिती दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी आणि भरल्यावर महिन्याने, अशी दोनदा पाहावी. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला, तिथून समाजकल्याणच्या साहाय्यक आयुक्तांकडे जातो. कॉलेजच्या टेबलावर अडकला तर तिथल्या लिपिकाला भेटायचे असते. विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात हेलपाटा मारून उपयोग नसतो. ‘अर्ज सध्या कोणाकडे आहे’ हे पोर्टलवर दिसते, दर सोमवारी पाहायची सवय लावली.

२०२१पासून या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. कागदावर हे सोपे आहे. घरात आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन थांबलेले असताना खात्यात अचानक काही हजार दिसले की काय होते, ते सांगायला नको. त्यानंतर कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवते आणि मुलगी दोष स्वतःकडे घेते. त्यामुळे या घरात आधीच ठरवले की एसएमएस आला की दुसऱ्या दिवशी आई सुट्टी टाकून मुलीबरोबर कॉलेजात जाईल, पावती घेईल आणि ती पत्र्याच्या पेटीत ठेवेल.

एवढे सगळे जमले तरी पहिल्या सेमिस्टरचे गणित उरतेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे ते नेमके कुठे तुटते, याचे उत्तर बहुतेक जण ‘इंग्रजी’ असे देतात. ते अर्धेच खरे. पहिल्या वर्षाच्या गणितात लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती, सरळ रेषा, डेरिव्हेटिव्ह असा मजकूर येतो. दहावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात लॉगॅरिदम नाही, पार्शल फ्रॅक्शन नाही आणि त्रिकोणमितीचे एकच प्रकरण आहे. अकरावी-बारावीचे काही गणित दोन-तीन महिन्यांत उरकले जाते. त्यात अपूर्णांकांची आणि चिन्हांची गोची असेल तर पार्शल फ्रॅक्शनमध्ये पहिल्या ओळीपासून चूक. केटी लागते, म्हणजे विषय मागे राहतो, जास्त साठल्या की वायडी, म्हणजे वर्षच वाया, आणि वायडी लागली की शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही अडते.

प्रवेशाची धावपळ चालू असतानाच जूनपासून आठ आठवडे रोज दीड तास ठेवला. पहिले दोन आठवडे फक्त अपूर्णांक, घातांक, चिन्हांचे नियम, समीकरणात पद अलीकडे-पलीकडे नेणे. हे सातवी-आठवीचे काम आहे म्हणून मुले लाजतात. पहिल्या दिवशीच्या चाचणीत तिला ऋण अपूर्णांकांच्या वजाबाकीची वीसपैकी नऊ उदाहरणे आली. दहावीला ६८ गुण मिळवलेल्या मुलीचे हे चित्र नवलाचे नाही, पाठ केलेल्या पायऱ्यांवर तेवढे गुण मिळतात. पुढचे तीन आठवडे लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती, नंतर मॅट्रिक्स. शेवटचा आठवडा इंग्रजी शब्दांचा: इक्वेशन, डिनॉमिनेटर, कोइफिशंट, परपेंडिक्युलर अशा सुमारे दीडशे शब्दांची वही, एका बाजूला मराठी. शिकवायला तिसऱ्या वर्षाचा डिप्लोमाचा विद्यार्थी ठेवला. शिक्षकापेक्षा तो चांगला, कारण कोणत्या पायरीला आपण पडलो होतो ते त्याला अजून आठवते.

अभ्यासाची जागा हा स्वतंत्र विषय. दहा बाय बारात रात्री टीव्ही, स्वयंपाक आणि आजोबांचे खोकणे एकत्र. पुण्यात अभ्यासिकांना तोटा नाही, पण पेठांतल्या बहुतेक अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या आणि महिन्याचे भाडे घेणाऱ्या. शिवाय रात्री आठनंतर डोंगरावरच्या गल्ल्यांतून मुलीने एकटीने यायचे नाही, ही घराची अट, आणि ती अवाजवी म्हणता येत नाही. मग वेळच उलटी केली. आई पहाटे उठते तेव्हाच, साडेचार ते सहा, घर झोपलेले असताना. पाण्याची पाळी सहाला. ती पाळी भावाकडे दिली. मुलाने हंडे भरायचे, यावर आजोबांनी दोन दिवस तोंड वाकडे केले, तिसऱ्या दिवशी तेच त्याच्याबरोबर नळावर उभे राहिले.

पहिल्या सेमिस्टरचे गणित ४७ गुणांनी सुटले. एका प्रात्यक्षिकाची सही राहिल्याने एक विषय अडकला होता, तो उन्हाळी परीक्षेत निघाला. जर्नलवर त्या-त्या आठवड्यातच सही घ्यायची असते. महिनाभराचे साठवून नेले की शिक्षक हजेरी तपासतात.

दुसऱ्या वर्षात दोन कामे आहेत. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण, त्याला पहिल्या वर्षाचे गुणपत्रक आणि चालू उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि जात पडताळणीचा अर्ज, कारण डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला राखीव जागेवर जाताना पडताळणी प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र औशाच्या प्रांत कार्यालयाचे, म्हणून फाइल लातूरच्या जिल्हा समितीकडे जाईल. त्यासाठी तोच १९४९चा उतारा, तीच वंशावळ. दोन्हींच्या प्रमाणित प्रती तीन-तीन काढून ठेवल्या आहेत. वडिलांकडच्या एका नातेवाइकाची पडताळणी आधी झालेली असेल तर त्याची प्रत फार उपयोगी पडते. सोलापूरला असलेल्या चुलत्यांकडे विचारणा केली आहे.

भाऊ आठवीत आहे. कचरावेचकांच्या मुलांना पहिली ते दहावी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळते, घरून शाळेत जाणाऱ्यांना वर्षाला ३,५०० रुपये, जात आणि उत्पन्नाची अट नाही. बहिणीच्या वेळी दहा वर्षांत तिचा फॉर्म एकदाही गेला नाही. त्याचा यंदा गेला आहे, आईच्या ओळखपत्राची प्रत जोडून. डिसेंबरात तो एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसेल. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. परीक्षा शासकीय, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच आहे, तो महापालिकेच्या शाळेत असल्याने बसू शकतो. नोंदवहीचा उतारा गेल्या आठवड्यात मागवला. जात बरोबर आहे, जन्मतारीख बरोबर आहे, आडनावातला ‘ळे’ मात्र ‘ले’ झालेला. प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.